बिनदाराचं खुराडं

माघ अर्ध्यावर आला की जळोचीच्या रस्त्यानं कडब्याच्या ट्रॉल्या जायला लागतात. वर रचलेल्या पेंढ्या, पेंढ्यांवर आडवा पडलेला एखादा माणूस, आणि मागं रस्ताभर सांडत गेलेली ज्वारीची वाळकी पानं. ट्रॉली दिसायच्या आधी तिचा वास येतो. गोडसर, कोरडा, थोडा धुळीचा. आता आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना बंगले उठलेत. चौथ्या बाजूचा प्लॉट कुणीतरी नुसताच घेऊन ठेवलाय, म्हणून तेवढा वारा आत येतो. तो वास आला की माझ्या हातातलं काम थांबतं. आमचे हे पेपरातून डोकं वर काढून विचारतात, "काय गं?" मी म्हणते, "काही नाही. सुगी आली." ते "हं" म्हणतात आणि तोच पेपर पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतात. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून आमच्याकडं एक पेपर तीनदा वाचला जातो.

यंदा कडब्याच्या वासाबरोबर एक खोकं आलं. मुलगा पुण्यात असतो. त्याच्या मनानं घेतलं की आईबाबांनी घरची गावरान अंडी खावीत आणि बाबांचा वेळही जावा. हल्लीच्या मुलांच्या मनात यायचा अवकाश, फोनवर बोट टेकवलं की झालं. चार दिवसांत तयार खुराडं दारात. सुटे भाग, लोखंडी जाळी, प्लॅस्टिकचं छप्पर, आणि ते जोडून द्यायला बारामतीतून आलेला एक मिशाळ, घाईतला माणूस. ह्या खुराड्याच्या दाराला मोटर आहे. उजाडलं की दार आपोआप वर सरकतं, अंधारलं की आपोआप खाली येतं. मुलगा फोनवर मोठ्या कौतुकानं सांगत होता, "आई, बाबांना उठायचीसुद्धा गरज नाही!"

त्या माणसानं परसात सगळा पसारा मांडला आणि मला विचारलं, "काकू, दार कुठल्या अंगाला काढू?"

साधा प्रश्न. मी आयुष्यात एकच खुराडं बांधलं, म्हणजे बांधायला हात लावला, आणि त्याला दार नव्हतं. नंतर मी ते बसवलं. तीस वर्षं होऊन गेली, पण ती चूक अजून माझ्या घशाखाली उतरलेली नाही. "थांबा जरा," म्हणून मी चहा टाकायला आत गेले.

नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं होती ती. माझं माहेर हेच, जळोची; आम्ही इथं घर बांधलं ते फार नंतर. वडील सरकारी नोकरीत, घर शिस्तीचं, मी बारावी पास आणि त्याचा मला भलताच ताठा. लग्न झालं ते इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर. चार घरं, एक विहीर, सभोवती ज्वारी आणि नुकताच पाय रोवू लागलेला ऊस. सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं फिरलेली. माझे सासरे, मी त्यांना मामंजी म्हणायची आणि सगळी वस्ती तात्या, दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचे ते मृगाच्या तोंडावर परत यायचे. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, मागं राहून घर आणि शेत सांभाळायच्या. लग्नाला वर्ष होऊन गेलं तरी मामंजी मला नीट दिसले होते ते चार महिने.

मग त्या वर्षी दसऱ्याच्या आधी त्यांनी कळप विकला. चरायला रान उरलं नव्हतं, जिथं बघावं तिथं उसाची लावण. गुडघे घाट उतरायला नकार देत होते. आणि एकुलता मुलगा, म्हणजे आमचे हे, कारखान्यात चिटबॉय म्हणून चिकटले होते; कुणाच्या उसाला कधी तोड द्यायची त्याच्या चिठ्ठ्या घेऊन सायकलवर गावोगाव हिंडायचे, गाळप सुरू झालं की घरी दिसायचेच नाहीत. मेंढरं गेली त्या दिवशी मामंजी जेवले नाहीत.

आणि साठी ओलांडलेल्या त्या माणसानं जन्मात पहिल्यांदाच आपल्या घरची सुगी बघितली.

ती सुगी माझ्या अंगाला अजून लागून आहे. पहाटे धुकं ज्वारीच्या कणसांपर्यंत यायचं आणि उन्हं वर आली की विरायचं. दुपारी कातडी तडतडायची. ज्वारी उपटणाऱ्या बायकांच्या हाताला फोड यायचे, त्यावर त्या चिंध्या बांधायच्या आणि त्या चिंध्यांवरून एकमेकींना चिडवायच्या. खळ्यावरचा भुसा वाऱ्याबरोबर घरात यायचा, भाकरीत यायचा, अंथरुणात यायचा. घरातला प्रत्येक माणूस कामात गढलेला, आणि मधोमध अंगणात मामंजी काठी टेकून उभे. घरात त्यांनी कुठं बसायचं हे कधी ठरलंच नव्हतं. ऊन सरकेल तसे तेही सरकायचे. आत्याबाई ओरडायच्या, "बसा की एका जागी! पायाला भवरा हाय का काय?" ते बसायचे. आणि दोन मिनिटांत पुन्हा उभे.

माझं आणि त्यांचं बोलणं नव्हतं. भांडण नव्हे, रीतच तशी. सुनेनं सासऱ्यासमोर पदर पुढं ओढायचा आणि सासऱ्यानं सुनेशी बोलायचं ते सासूला सांगून. आम्ही दोघं चार हातांवर असायचो. मामंजी म्हणायचे, "तिला म्हणावं, पाणी दे." आत्याबाई माझ्याकडं वळून, "पाणी दे गं." मी तांब्या पुढं करायची. पाणी पिऊन झालं की, "तिला म्हणावं, च्या नगं आता." आत्याबाईंना एकदा ठसका लागला तेव्हा आम्ही दोघंही नुसते बघत उभे राहिलो, कारण बोलणार कोणाच्या तोंडून? नंतर मला इतकं हसू आलं की मी चुलीमागं जाऊन हसून घेतलं.

माझ्या डोक्यात तेव्हा कोंबड्या शिरल्या होत्या. तालुक्याच्या गावी बायकांसाठी तीन दिवसांचं कोंबडीपालनाचं शिबिर झालं, त्याला मी गेले, आणि येताना एक पातळ पुस्तिका आणि डोक्यात भरपूर हवा घेऊन आले. महिन्याभरात पंधरा तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या कोंबड्या, मिळणार होत्या. अट एकच, खुराडं पाहिजे. घरात मी तसं जाहीर केलं.

आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. "कोंबडीला घर? आमचं आमाला छप्पर मिळाया निम्मं आयुष्य गेलं."

सासरी कोंबड्या नव्हत्या असं नाही. पण त्या वाटेवरच्या कोंबड्या. बिऱ्हाड घोड्यावर लादलं की पायाला दोरी बांधून कोंबड्या त्या बोजावर बसवायच्या, आणि तशा त्या घोड्यावर बसून कोकणात जायच्या. मुक्काम पडला की डालग्याखाली, म्हणजे मोठ्या टोपलीखाली, झाकायच्या. त्या घराण्यात खुराडं कुणी कधी बांधलंच नव्हतं. एका जागी राहणाऱ्या माणसाचं काम ते.

मी पुस्तिकेतला आराखडा अंगणात राखेनं आखला. लांबी अमुक, रुंदी तमुक, चार कोपरे. मामंजी काठी टेकत आले. बघितलं. मग आत्याबाईंना म्हणाले, "तिला म्हणावं, कोपरं ठिवू नगं. जनावर भ्यालं की कोपऱ्यात दाटतं, एकावर एक चढतं, खालचं गुदमारतं. वाडा गोल पायजे."

मी आत्याबाईंना म्हणाले, "त्यांना म्हणावं, पुस्तकात चौकोनी दिलंय."

"पुस्तक लिवणाराच्या कोंबड्या भ्याल्या नसतील म्हणावं."

आत्याबाई कंटाळल्या. "माझ्या काय तोंडाला जातं बांधलंय व्हय? मी चालले ज्वारी उपटायला. तुमचं तुमी बगा." आणि खरंच डोक्याला फडकं गुंडाळून निघून गेल्या.

अंगणात आम्ही दोघंच राहिलो. मी पदर सावरत राख पायानं पुसली आणि गोल आखायला लागले. तो धड गोल होईना. बराच वेळ झाला. मग मामंजींनी काठी जमिनीत रोवली, तिला दोरी बांधली, दोरीचं दुसरं टोक माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, "धर पोरी. ताणून फिर."

पोरी. लग्न झाल्यावर त्या घरात मला पहिल्यांदाच कुणी तशी हाक मारली. मी दोरी ताणून फिरले. एक फेरी पुरी झाली तेव्हा जमिनीवर सुरेख गोल उमटला होता आणि माझ्या डोक्यावरचा पदर कधीच खांद्यावर आला होता.

पुढचे दहाबारा दिवस म्हणजे माझ्या सासरच्या सगळ्या वर्षांतले सर्वांत आनंदाचे दिवस, असं आज मी बेलाशक म्हणते. बांधावरचे दगड मी डोक्यावर आणायची, ते बसवायचे. पांढऱ्या मातीत भुसा घालून चिखल तुडवायचा, तो रात्रभर मुरवायचा. सकाळी त्याला आंबूस वास सुटायचा. थंडगार चिखलात पाय घातला की पोटऱ्यांपर्यंत शहारा यायचा. दगड हातात घेऊन मामंजी तो उलटसुलट फिरवायचे, त्याची बसायची बाजू शोधायचे. "दगडाला बी तोंड असतंय, पोरी. तोंड आत करून बसीवला की त्यो हालत न्हाय." छातीएवढी गोल भिंत झाली. वर बाभळीच्या मेढींचे खांब, त्यांच्यावर पाचटाचं छप्पर. भिंत आणि छप्पर यांच्यामधल्या मोकळ्या जागेत काय लावायचं, असं मी विचारलं तर ते घरात गेले आणि माळ्यावरून वाघर काढून आणली. वाघर म्हणजे मुक्कामाला मेंढरांभोवती लावायची दोरीची जाळी. कळप विकला तेव्हा ती त्यांनी दिली नव्हती. तिला अजून लोकरीचा वास येत होता. त्यांनी ती भिंतीवर ताणून बांधली आणि उरलेला तुकडा चापून चोपून पुन्हा घडी घालून ठेवला.

भिंतीत पूर्वेच्या अंगाला एक फट ठेवली होती. बांधताना त्यांनी आपली बाज आणून तिथं टाकली होती. मला वाटलं, दमलेत, पडतील जरा. ते पडले नाहीत. बाजेच्या दोन्ही टोकांना दगड लावून तेवढीच जागा सोडत त्यांनी भिंत वर नेली.

"मामंजी, एवढी मोठी जागा सोडली, तर दार किती मोठं करावं लागंल?"

"दार कशाला? मी हाय की."

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. मेंढरांच्या वाड्याला दार नसतं. वाघर सगळीकडनं फिरवायची आणि एक फट ठेवायची, त्या फटीत माणूस आडवा होतो. मेंढरू बाहेर पडायला बघेल तर अंगाला लागतं, लांडगा आत यायला बघेल तर आधी माणूस लागतो. "चाळीस वर्सं मीच दार हुतो," ते म्हणाले आणि हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुढचे दोन दात पडलेले होते.

मीही हसले. मला ती गंमत वाटली.

कोंबड्या आल्या. मामंजी दिवस कलला की त्यांना आत घ्यायचे आणि फटीत बाज टाकायचे, बाजेखाली बाभळीची काटेरी डहाळी सरकवायचे, अंगावर घोंगडी. सकाळी मी उठून झाडायला बाहेर यायची तेव्हा बाज बाजूला झालेली असायची आणि कोंबड्या अंगणात. सुगी सरल्यावर ज्वारीच्या मोकळ्या रानात दाणे सांडलेले असतात. ते टिपायला मामंजी कोंबड्यांना घेऊन निघायचे. पुढं काठी खांद्यावर टाकलेला माणूस, मेंढरांना घालायची तशी "हुर्र हुर्र" हाळी, आणि मागं ढेकळांमधून पंधरा कोंबड्या तुरुतुरु. वाटेवरचे लोक थांबायचे.

"तात्या, मेंढरं लईच बारकी झाली की यंदा!"

"व्हय, दुस्काळ हाय," मामंजी म्हणायचे. "पण लोकर चांगली हाय."

अंगणात नुसता उभा असणारा तो फिरत्या पायांचा माणूस आता रोज कुठंतरी जात होता आणि रोज कुठूनतरी परत येत होता. संध्याकाळी बाजेवर बसून ते मला कोकणातलं सांगायचे. भातखाचरात कळप बसवला की शेतकरी खतापायी कसे मागं लागायचे, ओढ्याच्या पाण्याला कसा लोखंडासारखा वास यायचा. मी खाली बसून तांदूळ निवडायची. आत्याबाई येता-जाता बघायच्या आणि तोंड वाकडं करायच्या, "आता माझी गरज न्हाय वाटतं कुणाला." पण आतून त्यांना बरं वाटत होतं, हे मला दिसायचं.

ह्यात काय मोडलेलं होतं, की मी ते नीट करायला गेले?

शिबिरातल्या बाई पाहणीला आल्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या, उन्हात दोन किलोमीटर चालत आल्या. सगळं फिरून बघितलं, अंड्यांचं कौतुक केलं, गोल भिंतीचंही केलं. मग सहज विचारलं, "आणि दार कुठंय?"

मामंजी रानात होते. मी खरं सांगू शकले असते. आमचे सासरे दारात झोपतात, हीच आमच्याकडची रीत, असं ताठ मानेनं म्हणू शकले असते. पण बारावी पास सुनेला लाज वाटली. मेंढपाळाच्या घरची अडाणी सून असं त्या बाईंना वाटू नये म्हणून मी चटकन म्हणाले, "बसवायचंय अजून." एवढंच बोलले. पण एकदा बोलले म्हटल्यावर ते करणं आलं.

माझ्या भावाचं तेव्हा जळोचीला वेल्डिंगचं छोटं दुकान होतं. मी निरोप धाडला. मामंजी मोरगावकडं बहिणीच्या घरी तीन दिवसांसाठी गेले होते. त्याच दिवसांत दादा लोखंडी दार घेऊन आला. अँगलची चौकट, जाड जाळी, वर कडी-कोयंडा. दार फटीच्या निम्म्यानंही नव्हतं. म्हणून दादानं उरलेली फट विटा-सिमेंटनं बांधून काढली. दगडांच्या गोल भिंतीत तांबड्या विटांचं ठिगळ. दुपारपर्यंत काम झालं, मी त्याला पुरणपोळी करून वाढली. आम्ही दोघंही खूश होतो. म्हाताऱ्या माणसाला आता उघड्यावर पडायला नको, हे मी दादाला दोनदा सांगितलं. ते मला मनापासून वाटतही होतं. खोटं नाही सांगत.

मामंजी परत आले. खांद्यावरचं घोंगडं न उतरवता खुराड्यापाशी गेले. विटांवरून हात फिरवला. कडी काढली, लावली. पुन्हा काढली, पुन्हा लावली.

"झ्याक झालंय," ते म्हणाले.

मी आनंदानं म्हणाले, "आता तुम्हाला काही काळजी नाही, मामंजी."

"न्हाय. आता काय काळजी न्हाय." त्यांनी बाज उचलली आणि ओसरीत नेऊन भिंतीला उभी केली.

त्या संध्याकाळी जेवताना ते आत्याबाईंना म्हणाले, "तिला इचार, कडी लावली का."

आत्याबाईंचा हात ताटातच थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "लावली म्हणावं."

तेव्हापासून ते पुन्हा आत्याबाईंच्या तोंडून बोलू लागले. रागानं नव्हे. रागावले असते तर मी पाय धरले असते, भांडले असते, काहीतरी केलं असतं. त्यांनी फक्त जागा सोडली, पाहुणा जेवून उठतो तशी. पुढं पुढं कोंबड्यांना रानात नेणंही थांबलं. मी पत्र्याच्या पन्हाळीत खाद्य घालत होतेच. ते परत अंगणात उभे राहू लागले, उन्हाबरोबर सरकू लागले.

बैल गेला नि झोपा केला, असं म्हणतात. माझ्याकडं उलटं झालं. माझा झोपा, म्हणजे दार, वेळेवर झाला, उत्तम झाला, आणि त्या झोप्यापायी माणूस गेला. त्या दारात खोट काढायला जागा नव्हती. एकही कोंबडी मुंगसानं नेली नाही की रानमांजरानं. पण त्याच्या आधी तरी कुठं नेली होती?

कुणी म्हणेल, चूक कळली नाही म्हणून झाली. पहिली चूक तशी झाली, मान्य आहे. दुसरीला मला तेही म्हणता येत नाही.

पुढच्या वर्षी दिवाळी झाल्यावर मी ते दार बिजागरीतून उचलून काढलं. गंजायला लागलं होतं, तांबडा रंग द्यायचा होता. दार उचललं की सहज निघायचं, एकट्या बाईला जमण्यासारखं. रंग दिला, निंबाच्या खोडाला टेकवून वाळत ठेवलं. त्याच सकाळी वस्तीवरून एक कळप कोकणाकडं गेला होता. मामंजींच्या चुलतभावाचा. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर दोन कोंबड्या. मामंजी वाटेच्या कडेला उभे राहून धुरळा खाली बसेपर्यंत बघत होते.

दिवस कलला. मी कोंबड्या आत घालत होते. मागं काहीतरी खरडल्याचा आवाज आला म्हणून वळले. मामंजी बाज ओढत आणत होते. दम लागला होता. विटांच्या ठिगळामुळं फट आता अरुंद झालेली, बाज आडवी बसणार नाही हे त्यांनाही दिसत असणार. ती त्यांनी फटीसमोर टाकली आणि माझ्याकडं बघून म्हणाले,

"पोरी, रंग काय आज वाळायचा न्हाय. आजच्यापुरता मी हाय हितं."

आणि मी काय म्हणाले? मी कामसू बाई. मला सगळं वेळेवर आणि नीट लागतं. मी म्हणाले, "वाळलाय मामंजी, आत्ता बसवते! तुम्ही कशाला दव अंगावर घेता?" आणि धावत जाऊन ते दार आणलं आणि चढवलं. ओला रंग माझ्या दोन्ही तळव्यांना लागला. कडी घातली. बाजसुद्धा मीच उचलून ओसरीत नेऊन ठेवली, त्यांना ओझं नको म्हणून.

दीड वर्षानं त्यांनी मला पोरी म्हटलं होतं, हे माझ्या ध्यानात आलं ते हात धुताना. रंग निघत नव्हता. मी रॉकेलनं तळवे घासत होते आणि तेव्हा आलं. धावत बाहेर गेले. मामंजी ओसरीत भिंतीकडं तोंड करून निजले होते. हाक मारायला हवी होती. नाही मारली. सुनेनं सासऱ्याला हाक मारायची नसते, असं मी स्वतःला सांगितलं; एरवी ती रीत मी कधीच गुंडाळून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी भाकरी वाढताना पाहिलं, तर त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना तांबडा रंग होता. पहाटे उठून ते कडी बघून आले होते.

त्यानंतर मी ते दार कितीदा तरी काढलं. दर दिवाळीला काढायची, रंगवायची आणि पुन्हा चढवायची. एखाद्या वर्षी नुसतं काढून ठेवायचं, एवढंच करायचं होतं. विटा पाडायच्या आणि म्हणायचं, मामंजी, दार मोडलं, आता तुम्हीच. मनात शंभरदा म्हटलं. पण दादाला काय वाटेल, आत्याबाई काय म्हणतील, आणि खरं सांगायचं तर माझं चुकलं हे कबूल कोण करणार? चार वर्षांनी मामंजी गेले. मोठं दुखणं नव्हतं. शेवटच्या आठवड्यातही दिवस कलला की आत्याबाईंना म्हणायचे, "तिला इचार, कडी लावली का." मी त्यांच्या उशाशीच बसलेली असायची. आणि मी आत्याबाईंकडं बघून म्हणायची, "लावली म्हणावं."

परसात खुराडं जोडणाऱ्या माणसाचं काम उरकत आलं होतं; दार त्यानं आपल्या मनानंच काढलं होतं. चहा घेऊन मी बाहेर गेले तर आमचे हे पेपर बाजूला ठेवून तिथं उभे होते. त्या माणसानं बटण दाबलं, दार घुर्र करून खाली आलं. पुन्हा दाबलं, वर गेलं. ह्यांनी वाकून पाहिलं, दारावरून बोट फिरवलं, आणि म्हणाले, "बरंय. काही बघायलाच नको."

तोच आवाज. चेहरा बापाचा नाही ह्यांचा, आईचा आहे. पण ह्या "बरंय"मधलं ते "झ्याक झालंय" मी ओळखलं.

"ती मोटर काढा," मी त्या माणसाला म्हणाले.

"काकू, पण ती बरोबरच येते..."

"येऊ द्या. काढा आणि घेऊन जा. साधी कडी लावा. आणि दार तिकडं पूर्वेला काढा, तिथं खुर्ची मावेल असं."

ह्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मला ऊन लागलंय. "अगं, बरं होतं की. रोज उठून कोण उघडणार?"

"तुम्ही," मी म्हणाले. "मला गुडघ्यानं जमत नाही." माझे गुडघे चांगले आहेत.

मुलाची समजूत नंतर घातली. काय सांगितलं ते महत्त्वाचं नाही. मोटर बिघडली म्हणून सांगितलं. कोंबड्या आल्या, पाचच आहेत. पहिल्या संध्याकाळी दिवस कलायला लागला तसे हे उठले, प्लॅस्टिकची खुर्ची उचलून मागं नेली आणि दारापाशी ठेवून बसले. ट्रॉली गेली असावी रस्त्यानं, कडब्याचा वास आला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. ते कोंबड्यांना हाकलत नव्हते, बोलावतही नव्हते, नुसते बसले होते. मग अगदी हलक्या आवाजात, कुणी ऐकत नाही असं समजून, त्यांनी हाळी घातली. हुर्र, हुर्र. हा माणूस जन्मात मेंढरांमागं गेलेला नाही.

मामंजी, तुमच्यासाठी करायचं राहून गेलं ते मी तुमच्या मुलासाठी केलं. तुम्हाला त्याचा काही उपयोग नाही, हे मला ठाऊक आहे.

अंधार पडल्यावर हे आत आले, पाय धुतले, ताटावर बसले. "कडी लावली का?" माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी न विचारता भाकरी वाढली.